ते गेल्यानंतरचं तळं: पहाटे मासे वर येत असतील तर काय काय तपासायचं

घरच्या बागेत कोई, म्हणजे शोभेचे रंगीत मासे, पाळलेलं तळं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते. आधी लक्षणं सांगते. यांतली दोन-तीन तुमच्याकडे जुळत असतील तर पुढचं वाचा.

• पहाटे पाच ते सातच्या सुमारास मासे पाण्याच्या वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. ऊन वर आलं की खाली जातात आणि दिवसभर ठीक दिसतात.
• पाणी वरून पडतं त्या कोपऱ्यात सगळे गोळा होतात.
• पाणी हिरवं. कोपरापर्यंत हात घातला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत.
• काही आठवड्यांनी एखादा मासा मेलेला सापडतो, आणि तो बहुधा सगळ्यांत मोठा असतो.
• पाणी बदललं की चार दिवस बरं जातं, मग पुन्हा तेच.

आणखी एक गोष्ट या सगळ्या घरांत सारखी असते: तळ्याचं बघणारं माणूस आता नाही. आमच्याकडे हौस यांची होती. चहाचा कप घेऊन काठावर बसायचं, एवढाच माझा तळ्याशी संबंध. हे गेल्यावर तळं माझ्याकडे आलं, बिघाडासकट. पुढे नाशिकमधल्या ओळखीच्या घरांतून फोन यायला लागले. कुठे काका गेलेले, कुठे वहिनी. बहुतेक ठिकाणी बिघाड एकच निघाला, आणि एकदा काढला तरी काही महिन्यांनी परत येणारा. म्हणून क्रमाने लिहिते: आधी फुकटचं, मग स्वस्तातलं, शेवटी खर्चाचं.

“मासे त्यांच्या आठवणीने जाताहेत” हे वाक्य प्रत्येक घरात कुणीतरी बोलतंच, बहुधा भेटायला आलेलं. कोई मासा खाऊ घालणाऱ्याची चाहूल ओळखतो, हे खरं आहे. पण तो मरतो पाण्यातला ऑक्सिजन संपल्यामुळे किंवा अमोनिया वाढल्यामुळे. गेलेलं माणूस रोज दहा-पंधरा मिनिटं तळ्यापाशी काहीतरी करत होतं. घरातल्यांना वाटायचं, रमलेत. ते काम होतं, आणि ते थांबलं. खालच्या तपासण्यांमधून नेमकं कोणतं काम थांबलं हेच शोधायचं आहे.

आज रात्रीपुरतं

मासे आत्ता तोंड उघडत असतील तर कारण नंतर शोधा. खाणं पूर्ण बंद करा. निरोगी कोई आठवडाभर उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही, हे आधी मनाला पटवा. पंपाच्या पाण्याची नळी वर उचलून पाणी फूट-दीड फुटावरून पडेल असं करा. हवेचा पंप असेल तर तो रात्रभर चालू ठेवा. वीज नसेल तर बादलीने पाणी उचलून वरून ओतत राहा. वेडेपणा वाटेल, पण पाणी हवेतून पडताना ऑक्सिजन घेतंच. घाबरून नळाचा पाइप मात्र तळ्यात सोडू नका. त्याबद्दल पुढे येईलच.

मेलेला मासा टाकण्याआधी नीट बघा

मोठे गेले आणि छोटे ठणठणीत असतील तर ऑक्सिजनवर संशय घ्या. मोठ्या माशाला ऑक्सिजनचा तुटवडा आधी जाणवतो. लहानमोठे सगळे एकाच दिवशी गेले तर विष: क्लोरीन, कीटकनाशक किंवा फवारणी. एकेक करून जात असतील आणि अंगावर लाल चट्टे, जखमा किंवा कापसासारखे पुंजके असतील तर रोग. पण रोगही बहुतेक वेळा आधी पाणी बिघडल्यामुळेच शिरतो. मासा नुसताच कमी झाला, मेलेला दिसलाच नाही, तर खंड्या, वंचक (बगळ्यासारखा पक्षी) किंवा शेजारचं मांजर. त्याला औषध नायलॉनच्या जाळीचं.

पहिली तपासणी: पंप रात्री चालू असतो का?

याने एक पैसाही खर्च होत नाही, आणि निम्म्याहून जास्त घरांत माझं काम इथेच संपलं. माणूस गेल्यावर घरात काटकसर येते. विजेचं बिल आता कुणी दुसरंच बघायला लागतं. “रात्री कोण बघतंय तो धबधबा?” असं म्हणून झोपताना बटण बंद होतं. किंवा पाण्याच्या आवाजाने झोप लागत नाही. एकट्या माणसाला रात्री तो आवाज मोठा वाटतो, हे मी सांगायला नको.

रात्री बंद का करायचा नाही, ते समजून घ्या. पाणी हिरवं दिसतं ते सूक्ष्म शेवाळामुळे. हे शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं, पण रात्री तेच ऑक्सिजन घेतं. मासेही घेतात, तळाचा गाळ कुजतानाही लागतो. त्यामुळे पाण्यातला ऑक्सिजन सर्वांत कमी असतो सूर्योदयाच्या आधी. मासे पहाटेच का वर येतात, याचं उत्तर एवढंच आहे. त्यात उन्हाळा असेल तर मुळातच साठा कमी. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. कोईला ५च्या खाली गेलेलं सोसत नाही.

दुसरं कारण फिल्टरचं. फिल्टरमधल्या स्पंजवर आणि जाळ्यांवर जिवाणू राहतात. माशांच्या मलमूत्रातला विषारी अमोनिया ते आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये बदलतात. त्यांनाही ऑक्सिजन लागतो. काही तास पाणी फिरलं नाही तर ते मरायला लागतात, आणि सकाळी बटण दाबल्यावर फिल्टरमधलं सडकं पाणी थेट तळ्यात येतं. पंप बराच वेळ बंद राहिला असेल तर आधी फिल्टरचं पाणी झाडांना सोडा, मग सुरू करा.

बिलाचं म्हणाल तर ४० वॅटचा पंप चोवीस तास चालला तर दिवसाला एक युनिटही होत नाही. महिन्याला साधारण २९ युनिट. एका कोईच्या किमतीत किती महिने निघतील, तो हिशोब तुम्हीच करा. आवाज सोसत नसेल तर पाणी पडतं तिथे पसरट दगड ठेवा, किंवा रात्री छोटा हवेचा पंप लावून धबधब्याची धार बारीक करा. अगदी बंद नको.

दुसरी तपासणी: खाऊ कोण कोण घालतं?

आधी खाऊ एका हातून जात होता. आता सकाळी माळीकाका घालतात, दुपारी कामाच्या मावशी, संध्याकाळी नातवंडं. प्रत्येकाला वाटतं, आज कुणी घातलंच नसेल. त्यात भेटायला येणारी मंडळी. तळ्यापाशी उभं राहिलं की काय बोलावं सुचत नाही, मग हात आपोआप खाऊच्या पाकिटाकडे जातो. चुरमुरे, पाव, पोळीचे तुकडे, एके ठिकाणी तर साबुदाणा. पितृपक्षात पानातला घास माशांना घालणारी घरंही मी पाहिली आहेत. भावना समजते. पण भाताची मूद तळाशी जाऊन कुजते, आणि कुजायला लागणारा ऑक्सिजन माशांच्याच वाट्यातून जातो. घास घालायचाच असेल तर गाईला घाला.

उपाय साधा आहे. खाऊचा डबा कपाटात ठेवा आणि किल्ली एकाच माणसाकडे द्या. पाच मिनिटांत संपेल एवढंच घाला. उरलं तर जाळीने काढा आणि उद्या कमी घाला. नाशिककडच्या थंडीत, विशेषतः निफाडच्या बाजूला पारा घसरतो तेव्हा, पाणी १५ अंशांच्या खाली गेलं तर खाऊ जवळजवळ बंदच करा. थंड पाण्यात माशाचं पचन मंदावतं आणि अन्न पोटात राहतं. आणि डब्यावरची तारीख बघा. ते आणून ठेवून गेले म्हणून वर्षानुवर्षं तोच खाऊ चालत नाही. ओल धरलेल्या खाऊला बुरशी येते.

तिसरी तपासणी: त्यांचं रुटीन शोधा

यात पैसे लागत नाहीत, पण जड जातं. अनेक घरांत महिनोन्महिने होतच नाही, कारण त्यासाठी त्यांचं कपाट, त्यांचा मोबाइल, पायऱ्यांखालची त्यांची खोकी उघडावी लागतात. घाई करू नका, पण हे टाळून पुढच्या तपासण्यांना फारसा अर्थ राहत नाही.

मोबाइलमधले गजर बघा. “फिल्टर” असं नाव दिलेला रविवारचा गजर मला दोन घरांत सापडला आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयवर तारखांभोवती गोल असतील तर ते पाणी बदलल्याचे असू शकतात. सिलिंडरचेही असू शकतात. मासे घेतले त्या दुकानदाराला फोन करा. ते दर किती दिवसांनी यायचे आणि काय न्यायचे, हे त्याला बायकोपेक्षा जास्त ठाऊक असतं. मग स्विचबोर्डवर टायमर आहे का ते बघा. काही टायमरमध्ये वीज गेली की घड्याळ मागे पडतं, आणि दिवसा चालायचा पंप रात्री चालतो किंवा उलट.

मिळालेली सगळी माहिती एका कागदावर लिहून तो प्लॅस्टिकमध्ये घालून पंपाच्या बटणाजवळ लावा. रोज काय, आठवड्याला काय, महिन्याला काय. हा कागद तुमच्याइतकाच तुम्ही गावाला गेल्यावर येणाऱ्या माणसासाठी आहे.

खोक्यातल्या बाटल्यांचं वेगळं सांगते. लेबल नसलेली कोणतीही बाटली तळ्यात रिकामी करू नका, “हे दर पावसाळ्यात घालायचे” असं कुणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी. फॉर्मॅलिनच्या (माशांच्या परजीवींवरच्या औषधाच्या) तळाशी पांढरा साका बसला असेल तर ते माशांना घातक आहे. जांभळे खडे म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. त्याची मात्रा ग्रॅममध्ये मोजायची असते, चिमटीत नाही. आणि माळीकाका मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, सुचवतील, शेवाळावर रामबाण म्हणून. नको. तांबं मासे सोसत नाहीत, कमी क्षाराच्या पाण्यात तर अजिबातच नाही. शिवाय सगळं शेवाळ एकदम मेलं की ते कुजताना राहिलेला ऑक्सिजनही खाऊन टाकतं. इच्छा मागून तळ्यात टाकलेली तांब्याची नाणीही काढा.

चौथी तपासणी: बादली आणि घड्याळ

पंप चालू आहे म्हणजे पाणी फिरतंय असं नव्हे. वीस लिटरची बादली घ्या, पाणी परत येतं त्या नळीखाली धरा आणि भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. २४ सेकंदांत भरली तर तासाला ३००० लिटर. दोन मिनिटं लागली तर फक्त ६००.

तळ्यात पाणी किती, हे माहीत नसेल तर लांबी, रुंदी आणि खोली फुटांत मोजून गुणाकार करा आणि त्याला २८ने गुणा. दहा बाय सहा फुटांचं, तीन फूट खोल तळं म्हणजे ५००० लिटरच्या आसपास. सगळं पाणी निदान दोन तासांत एकदा फिल्टरमधून जायला हवं. मोठे कोई असतील तर तासाभरात. पंपाच्या खोक्यावरचा आकडा पाणी अजिबात वर न चढवता मिळणारा असतो. धबधबा चार फूट उंच असेल तर प्रवाह बराच कमी मिळणार, हे धरून चाला.

प्रवाह कमी असेल तर पंपाची पिन काढा. बटण बंद करून भागत नाही, पिनच काढायची. मग पंप बाहेर घ्या. बाहेरची जाळी, आतला स्पंज आणि पाणी ढकलणारं ते छोटं पंख्यासारखं चाक, तिन्ही बघा. चाकाभोवती शेवाळाचे दोरे, गोगलगायीचं कवच, कधी केस निघतात. पांढरा क्षार चढला असेल तर व्हिनेगरमध्ये तासभर ठेवा. चाकाचा दांडा तुटला असेल तर पूर्ण पंप घ्यायला जाऊ नका, चाक सुटं मिळतं का विचारा.

स्पंज धुताना तळ्याचंच पाणी बादलीत घेऊन त्यात पिळा. नळाच्या पाण्याखाली घासून चकाचक केला की जिवाणू गेले, आणि पुन्हा जम बसायला चार ते सहा आठवडे लागतात. “एवढी स्वच्छता ठेवली तरी मासे मरतात” अशी तक्रार जिथून येते तिथे मी आधी स्पंज कुठे धुता ते विचारते. सगळे स्पंज एकाच दिवशी धुऊ नका. अर्धे आज, अर्धे पंधरवड्याने.

पंपाला हात लावल्यावर शॉक बसत असेल, पाण्यात बोट घातल्यावर झिणझिण्या येत असतील, किंवा पंप लावला की घराचा ट्रिपस्विच पडत असेल तर इथे थांबा. मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा. बागेतल्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, आहे का ते त्याला बघायला सांगा. नसेल तर बसवून घ्या. जुन्या तळ्यांत चिकटपट्टीने जोडलेल्या वायरी मी फार पाहिल्या आहेत. हौशी माणसं स्वतःच्या हाताने सगळं करतात, आणि त्यांच्या हातची वायर बदलायला मन घेत नाही. बदला.

पाचवी तपासणी: पाणी कुठलं आणि कसं भरता?

पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतो, आपल्यासाठी चांगला आणि माशांच्या कल्ल्यांना जाळणारा. टँकरचं पाणी असेल किंवा सोसायटीच्या टाकीत नुकतीच ब्लीचिंग पावडर पडली असेल तर आणखीच. पाइप लावून विसरणं हे मासे एका रात्रीत जाण्याचं नेहमीचं कारण आहे. पाणी ड्रममध्ये घ्या, त्यात हवेचा पंप चालू ठेवून एक दिवस ठेवा आणि मग घाला. घाई असेल तर माशांच्या दुकानात अँटीक्लोरीन मिळतं. ते म्हणजे सोडियम थायोसल्फेट, फोटोवाल्यांचा जुना हायपो. लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर १००० लिटरला साधारण ७ ग्रॅम लागतं. आधी बादलीत विरघळवा.

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण जमिनीखालून येताना त्यात ऑक्सिजनही फारसा नसतो. तेही वरून, फवाऱ्यासारखं पडू द्या.

आठवड्याला दहा ते वीस टक्के पाणी बदला. एकदम सगळं नाही. काढलेलं पाणी गुलाबांना द्या. त्यात नायट्रेट असतं, फुलं सांगतील.

सहावी तपासणी: टेस्ट किट

इथून खर्च सुरू. थेंबांचा किट घ्या. पट्ट्या स्वस्त असतात, पण एकदा डबी उघडली की हवेतल्या ओलीने लवकर बिघडतात, आपल्या पावसाळ्यात तर बघायलाच नको. चार गोष्टी मोजायच्या: अमोनिया, नायट्राइट, पीएच (पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) आणि केएच (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद).

अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत. थोडा जरी अमोनिया दिसला तरी पीएच बघा. पीएच ७ असताना त्यातला विषारी भाग एक टक्काही नसतो. ८ला पाच-सात टक्के, आणि ९ला एक तृतीयांशाच्या पुढे. हिरव्या पाण्याचा पीएच दिवसभरात वर चढतो, त्यामुळे सकाळी ठीक वाटलेलं पाणी संध्याकाळी घातक असू शकतं. सकाळ आणि संध्याकाळ, दोन्ही वेळा मोजा. नायट्राइट दिसला तर १००० लिटरला १ किलो साधं खडेमीठ विरघळवून घाला. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून रक्तात शिरू देत नाही. पण मीठ आपोआप उडून जात नाही, म्हणून दर वेळी नव्याने ओतत बसू नका. पाणी बदलाल तेवढ्यापुरतंच भरा. कमळं-कुमुदिनी असतील तर मीठ जपून.

केएच पावसाळ्यात घसरतो, कारण पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात. तो ४ अंशांच्या खाली गेला की पीएच अचानक कोसळू शकतो. खायचा सोडा १००० लिटरला ३० ग्रॅम घातला तर केएच सुमारे एक अंश वाढतो. दिवसाला एवढाच वाढवा. धुण्याचा सोडा नाही, खायचाच.

यूव्हीची, म्हणजे शेवाळ मारणाऱ्या अतिनील दिव्याची, नळी असेल तर ती वर्षभराने बदलावी लागते. निळा उजेड दिसत राहतो, पण शेवाळ मारण्याची ताकद ओसरलेली असते. उघडून डोळ्यांनी बघू नका.

सातवी तपासणी: ऋतू आणि फवारणी

वळवाच्या पावसानंतरची पहाट माझ्याकडे फोनची असते. दिवसभर ढग, म्हणजे शेवाळाने ऑक्सिजन केलाच नाही. वरून गार पाणी कोसळलं, तळचं सडकं पाणी वर आलं, आणि वादळात वीजही गेली. ढग दिसले की खाऊ बंद आणि हवेचा पंप चालू. पंचवीस वॅटचा हवेचा पंप घरातल्या इन्व्हर्टरवर रात्रभर सहज चालतो. एका घरासाठी एकच वस्तू घ्यायची असेल तर मी ही सांगेन, यूव्ही वगैरे नंतर.

पावसाळ्यात डेंग्यूसाठी धूरफवारणी येते. त्या धुरात पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक असेल तर ते माशांना फार विषारी असतं. गाडीचा आवाज आला की तळ्यावर प्लॅस्टिक टाका आणि हवेचा पंप तेवढ्यापुरता बंद करा, नाहीतर तोच धूर ओढून पाण्यात सोडेल. धूर विरला की लगेच प्लॅस्टिक काढून पंप सुरू करा. डासांच्या अळ्या तपासायला आलेल्या कर्मचाऱ्यांना तळ्यात मासे आहेत हे दाखवा आणि औषध टाकू देऊ नका. आरोग्य विभागच ठिकठिकाणी गप्पी मासे सोडतो, त्यामुळे त्यांना हे पटतं.

जलपर्णीने किंवा कमळाच्या पानांनी निम्म्याहून जास्त पृष्ठभाग झाकला असेल तर उपसा. रात्री झाडंही ऑक्सिजन घेतात.

आठवी तपासणी: मासे किती आहेत?

वरचं सगळं केलं, आकडे सुधारले आणि दोन महिन्यांनी पुन्हा तेच झालं, तर तळ्यात मासे जास्त आहेत. मोठ्या कोईला निदान १००० लिटर पाणी धरतात. आणला तेव्हा बोटभर असतो, पुढे हातभर होतो, आणि पंचवीस-तीस वर्षं जगू शकतो. त्यांनी दहा आणले तेव्हा ते मावत होते.

मासे दुसऱ्याला देणं म्हणजे आपण गेलेल्या माणसाशी काहीतरी वाईट केलं, असं बऱ्याच जणींना वाटतं. मला तसं वाटत नाही. दहांपैकी चार ठेवले आणि ते नीट जगले, तर तळं राहिलं. दहाच्या दहा ठेवायच्या हट्टात दर महिन्याला एक मासा पुरायची वेळ आली, तर ते दुःख पुन्हा पुन्हा ओढवून घेणं आहे. कोणते ठेवायचे ते घरातल्यांनी ठरवावं. मुलांना एखादा मासा ‘बाबांचा’ म्हणून माहीत असतो. द्यायचे ते ओळखीच्या, मोठं तळं असलेल्या माणसाला किंवा विश्वासातल्या दुकानदाराला द्या. गोदावरीत, धरणात किंवा गावतळ्यात सोडू नका. कोई हा सायप्रिनसच (कॉमन कार्प); तो तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि तिथल्या माशांच्या जागा घेतो. पुण्य तर त्यात नाहीच.

तळं पूर्ण बंद करायचं असेल तरी चालेल. तेवढी परवानगी कुणाकडून हवी असेल तर माझ्याकडून घ्या.

शेवटचं: गाळ आणि गळती

तळाशी काळा, सडक्या अंड्यासारखा वास येणारा गाळ असेल तर तो एकदम ढवळू नका. त्यातला वायू माशांना मारतो. बाहेरून सायफनने थोडा थोडा काढा. फूटभर साचला असेल, किंवा खाली उतरावं लागणार असेल, तर माणसं लावा. साठीच्या पुढे शेवाळलेल्या तळ्यात एकटीने उतरायचं नाही.

गळतीची शंका असेल तर भरलेली बादली तळ्याच्या पायरीवर पाण्यातच ठेवा आणि दोन्हींची पातळी दोन दिवसांनी बघा. सारखीच उतरली तर ऊन, तळ्याची जास्त उतरली तर भेग. भेग प्लंबरच्या नाही, वॉटरप्रूफिंगवाल्याच्या हाती द्या, आणि नवं सिमेंट लावल्यावर मासे लगेच सोडू नका. सिमेंटमधल्या चुन्याने पीएच चढतो.

कुणाला कधी बोलवायचं

वायरमनचं वर आलंच. त्यात थोडं थांबून बघू असं काही नाही. अमोनिया-नायट्राइट शून्य, हवा भरपूर, आणि तरीही मासे दिवसभर धापा टाकत असतील, अंग भिंतीला घासत असतील किंवा जखमा दिसत असतील तर आपल्या अंदाजाने औषध बंद. कल्ल्यांतले परजीवी सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. माशांचं बघणारा पशुवैद्य शोधा. तो नसेल तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. रत्नागिरी, उदगीर आणि नागपूर इथे मत्स्यमहाविद्यालयं आहेत, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे.

फोन करण्याआधी एवढं हाताशी ठेवा: तळ्याचे लिटर, माशांची संख्या आणि साधारण लांबी, पाण्याचं तापमान, सकाळ-संध्याकाळचे चारही आकडे, गेल्या पंधरा दिवसांत तळ्यात घातलेली प्रत्येक गोष्ट, आणि मासे वर येतानाचा मोबाइलवरचा छोटा व्हिडिओ. मेलेला मासा पाठवायचा झाला तर पिशवीत घालून बर्फावर ठेवा, फ्रीजरमध्ये गोठवू नका, आणि त्याच दिवशी पोचवा.